पोट भरलं की मरणारी गाडी

१. नंदीपुढं

सोमवारी सकाळी पूजेला आलेल्या स्वामींना नंदीच्या पुढ्यात एक किल्ली पडलेली दिसली. नंदीपुढं लोक नारळ ठेवतात, बेल ठेवतात, परीक्षेच्या दिवसांत पोरं पेनही ठेवतात. किल्ली आजवर कुणी ठेवलेली नव्हती. स्वामींनी ती उचलली नाही. तिच्या भोवतीनं झाडून घेतलं आणि चार वडीलधाऱ्यांना बोलावणं धाडलं.

इतर गावांत वस्तू हरवली की बोभाटा होतो; इथं सापडली म्हणून झाला. किल्ली दासोहाच्या, म्हणजे देवळातल्या अन्नदानाच्या, कोठीची होती. दर सोमवारी देवळात गावाची पंगत बसते. तिचे गहू, गूळ, डाळ, तेल त्या कोठीत असतं आणि कोठीची किल्ली वीरप्पाच्या कमरेला असते. वीरप्पाची बायको म्हणायची, घराला आग लागली तर हा माणूस आधी कंबर चाचपेल, मग मला हाक मारील.

वीरप्पाला बोलावलं. तो आला, देवाला नमस्कार केला आणि मोजकंच बोलला.

"मी इकलेल्या गाडीत खोट निघाली, तर ही किल्ली कुणालाबी द्या. तवर मी कोठीच्या दाराकडं बघायचा न्हाय."

दासोहाच्या गव्हाचा आणि मोटारसायकलीचा काय संबंध, असं परक्या माणसानं विचारलं असतं. गावाला सगळं ठाऊक होतं. गावानं सभ्यपणानं दुसरीकडं पाहिलं. दुसरीकडं सिद्धाराम उभा होता.

सिद्धारामचं उमरग्यात लग्नपत्रिका छापायचं दुकान. गावात त्याची ख्याती मात्र जिभेसाठी. दिवाळीनंतर त्यानं वीरप्पाची जुनी मोटारसायकल घेतली, घरीच तिची साग्रसंगीत सर्व्हिसिंग केली, आणि तेव्हापासून ती उमरग्याच्या रस्त्यावर रोज मरायला लागली. मग एकदा चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "वीरप्पानं दुखणं झाकून गाडी गळ्यात मारली." चारजण हसले. चारजण हसले की सिद्धारामला थांबता येत नसे. तो पुढं म्हणाला, "दासोहाचे गहू तरी एकदा मोजून घ्या रं."

पहिलं वाक्य टपरीवरच राहिलं. दुसरं दुपारपर्यंत गावभर हिंडलं आणि दिवेलागणीला वीरप्पाच्या ओसरीवर जाऊन बसलं.

आता देवळात वडीलधारी बोलत होते आणि सिद्धाराम खांबाआड, उजवा हात खिशात घालून उभा होता. हाताच्या मुठीत एक बोल्ट होता. सर्व्हिसिंग झाल्यावर सगळी गाडी जोडून झाली होती, आणि हा उरला होता. या बोल्टाबद्दल जगात आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

२. शेंगांचं सूप

तपास उमाक्काकडं गेला. उमादेवी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. खात्यानं त्यांना सोडलं होतं, त्यांनी खात्याला सोडलं नव्हतं. गावात कोंबडी हरवली तरी लोक आधी त्यांच्याकडं जात. त्यांची पद्धत साधी होती: आलेल्याच्या पुढ्यात तुरीच्या शेंगांचं सूप सरकवायचं. हात सोलण्यात गुंतले की तोंड आपोआप मोकळं होतं, असा त्यांचा अनुभव. शेंगाही फुकटात सोलून होत.

सिद्धारामनं सोलायला सुरुवात केली आणि सांगायलाही. मोबाईलवर बघून बघून त्यानं सगळं केलं होतं. ऑइल बदललं. प्लग घासला. कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला. फिल्टर झटकला. वरून धुऊन, पुसून, तेलपाणी करून गाडी अशी चमकवली की नव्या नवरीनं तिच्यात बघून कुंकू लावावं. शेवटी पूजाही केली. हे सांगताना त्याचा आवाज चढत गेला. बोल्टाशी आल्यावर तेवढा भाग गाळून त्यानं एक शेंग उगाच दोनदा सोलली.

"बरं. मरती कशी?" उमाक्कांनी विचारलं.

दारातून एका किकमध्ये चालू होते, तो म्हणाला. गावातून वरातीच्या घोड्यासारखी जाते. उमरग्याच्या वाटेवरच्या कडुनिंबाच्या आसपास गेली की खोकते, दम जातो, आणि बसते. आपण उतरतो, पेट्रोल संपलं का म्हणून टाकीचं झाकण उघडून बघतो. किल्लीला जरा जोर लावावा लागतो. आत पेट्रोल डुचमळत असतं. झाकण लावून किक मारली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

"बाईमाणसागत रुसती हो, अक्का," असं तो बोलून गेला आणि समोर बाईमाणूस बसलंय हे त्याला मागाहून दिसलं. उमाक्कांनी आणखी एक ओंजळ शेंगा त्याच्या सुपात टाकल्या.

त्यानं घाईनं विषय पुढं रेटला. झाकण उघडताना ती फुस्स करते, माझ्याच नशिबावर सुस्कारा टाकल्यागत. आणि एकदा तर कहर झाला. पेट्रोल कमी म्हणून मरत असेल, असं समजून उमरग्यात गळ्यापर्यंत टाकी भरली. तर ती उमरग्याबाहेरसुद्धा पडली नाही. बसस्टँडसमोर, सगळ्या प्रवाशांच्या साक्षीनं गेली.

उमाक्कांचे हात थांबले.

"पोट भरल्यावर लौकर मेली?"

"व्हय. उपाशी असली की लांब जाती. सरकारी माणसाच्या उलटं."

हा विनोद चांगला होता, पण उमाक्कांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तू जा. बायकोला धाड, महादेवीला."

"तिचा काय संबंध? तिला प्लग म्हंजे काय ते ठाऊक न्हाय."

"नसंल," उमाक्का म्हणाल्या. "पण तुझे कपडे कोण धुतं?"

३. धुण्यातली वस्तू

महादेवी आत गेली. सिद्धाराम बाहेर हौदापाशी हात धूत उभा राहिला. हात स्वच्छ होते. तरी तो धूत राहिला, कारण तिथून आतलं ऐकू येत होतं.

महादेवीवर संशय घ्यायला जागा होती. गाडी आल्यापासून नवरा घरात कमी आणि गाडीशी जास्त बोलायचा. तिनं ते कबूल केलं. पण गाडीला आपण बोटही लावलेलं नाही, असंही सांगितलं. मग उमाक्कांनी काहीतरी हळू विचारलं, आणि महादेवी म्हणाली,

"सापडला की. धुण्यात. म्या परत खिशात ठिवला. दुसऱ्या खेपेलाबी सापडला, तवाबी ठिवला."

"का गं?"

"त्यांनी आपण होऊन सांगावं म्हणून."

हौदापाशी सिद्धारामनं नळ बंद केला. पाणी वाहत होतं तोवर तिथं उभं राहणं सोपं होतं.

उमाक्कांनी हाक मारली. तो आत गेला आणि न विचारता बोल्ट काढून सुपात ठेवला. हिरव्या दाण्यांत तो फार मोठा दिसत होता. महादेवी भिंतीकडं बघत होती.

"मीच मारली गाडी, अक्का," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगनंतर हा उरला. सांगितलं असतं तर लोक हसले असते. आजवर मी लोकांना हसत आलो, लोक मला हसलेले न्हाईत."

उमाक्का उठल्या. अंगणात उभ्या असलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली, वाकल्या, उठल्या. सीटखालचं बाजूचं झाकण एका सुतळीनं बांधलेलं होतं. त्यांनी सुतळी सोडली, बोल्ट भोकात धरला. तो मुकाट्यानं बसला.

"ह्यानं गाडी खडखडती. मरत न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि तू केलेल्या बाकी कामांचंबी तसंच. प्लग घाण असता तर दारातच नखरं केलं असतं. कार्बोरेटर चुकीचा बसला असता तर सगळ्या वाटंनं खोकली असती. हे दुखणं येगळं. ही धड घरातनं निघती, चालून चालून आजारी पडती, आणि नुसतं टाकीत डोकावून बघितलं की बरी होती."

सिद्धारामच्या छातीवरचा दगड उतरला. इतका झटक्यात उतरला की तोंडाचा ताबा सुटला.

"म्हंजे वीरप्पाच!" तो म्हणाला.

महादेवीनं भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडं वळवली. आपल्याच आवाजातला आनंद सिद्धारामला तेव्हा ऐकू आला.

४. ताक

वीरप्पाच्या शेतावर जायचं तर गाडीच घ्यावी लागली. मागं उमाक्का बसल्या. शेत कडुनिंबाच्या अलीकडं होतं, म्हणून गाडी सुखरूप पोचली. आरोपी पंचांच्या देखत नेहमीच सज्जन असतो.

वीरप्पा करडईच्या कडेला बसला होता. तो आणि सिद्धाराम लहानपणापासून एका ताटात जेवलेले, पण आज वीरप्पा जे बोलला ते सगळं उमाक्कांशी बोलला. आपण ही गाडी सोलापूरपर्यंत नेली, मुरूमचा बाजार केला, कधी वाटेत उतरावं लागलं नाही. यानं तक्रार केल्यावर आपण स्वतः याच्या घरी गेलो, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, कालव्यापर्यंत रपेट मारून आणली. घोडा ठणठणीत होता. त्याला तसं सांगितलं. पुढचं टपरीवर झालं.

"पूजा करत होतास का गाडीची?" उमाक्कांनी विचारलं. सिद्धारामला हा प्रश्न अगदीच बाईमाणसाचा वाटला.

"करत होतो की. खंडेनवमीला, अमावस्येला. हळदकुंकू, विभूतीच्या तीन पट्ट्या. सांजच्याला वाऱ्यानं उडून जातात. देव काय पट्ट्या मोजत बसत न्हाय."

मग वीरप्पानं चरवीतून ताक ओतलं. एक पेला उमाक्कांच्या हातात दिला. दुसरा भरला, सिद्धारामजवळ बांधावर ठेवला आणि तोंड करडईकडं केलं. शिव्या दिल्या असत्या तर सिद्धारामकडं उत्तरं होती. ताकाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. तो प्यायला. ताक चांगलं होतं, हे तर फारच वाईट झालं.

परतताना वाटेत शंभुलिंग भेटला. हा महादेवीचा धाकटा भाऊ, दूध घालणारा, गाडी अशी चालवायचा की दुधाचं लोणी व्हावं. मधे त्यानं ही गाडी मागून नेली होती. सिद्धारामच्या मनात संशयितांच्या यादीत तोही होता. वीरप्पा निसटलाच तर मेहुणा हाताशी असावा. पण शंभुलिंग हसत म्हणाला,

"माझ्याकडं कुठं मेली? उमरगा झालं, मुरूम झालं, कुठंच थांबली न्हाय. दाजी, गाडी ब्येस हाय. डायवर बदला."

"पेट्रोल कुठं भरलंस?" उमाक्का.

"दाजी भरतात तिथंच."

"म्हंजे पेट्रोलबी सुटलं," उमाक्का स्वतःशीच म्हणाल्या. मग पुढं होऊन त्यांनी नाक ओढलं. "शंभू, तुझ्या पँटीला पेट्रोलचा वास का येतोय?"

शंभुलिंगचं हसू जरा आखडलं. बायकोनं यावरून तीन दिवस डोकं खाल्लंय, धुऊनही जात नाही, असं तो पुटपुटला. मग खरं सांगितलं. पेट्रोल भरल्यावर झाकण बसेना, कुलूप ताठ झालं होतं. मग टाकीच्या तोंडावर फडकं दाबलं, वर झाकण नुसतं टेकवलं आणि तसाच दोन दिवस हिंडला. खड्डा आला की पेट्रोल मांडीवर. परत केल्यावर दाजींनी तळव्यानं ठोकून झाकण बसवलं.

उमाक्का शांतपणे गाडीवर बसल्या.

"चल. शांतम्माच्या दुकानाला."

"तिथं कशाला? ती तेल इकती."

"चोर सापडला," उमाक्का म्हणाल्या. "पुरावा तेलात हाय."

५. दोन भोकं

शांतम्माच्या दुकानात महादेवीही आलेली होती, फोडणीच्या तेलासाठी. उमाक्कांनी शांतम्माला नवा डबा फोडायला सांगितलं, पण एकच भोक पाडून. शांतम्मानं ही बाई बिघडली का, अशा नजरेनं पाहिलं, पण खिळा ठोकला आणि डबा कलता केला. तेलाची धार लागली, बारीक झाली, गुळुगुळू केलं आणि थांबली. डबा गच्च भरलेला, आणि थेंब पडेना.

"आता?"

"आता काय," शांतम्मा म्हणाली. "दुसरं भोक पाडायचं. वारा आत गेल्याबगर तेल भाईर कसं येणार? पोरासोरास्नीबी कळतं." तिनं दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. फुस्स झालं, आणि धार सुरळीत सुरू झाली.

तो आवाज सिद्धारामनं ओळखला. रोज कडुनिंबाखाली ऐकत होता.

"टाकीतनं पेट्रोल खाली जातं, तितकी हवा वरनं आत यायला लागती," उमाक्का सांगू लागल्या. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की आत हाय तेवढ्या हवेवर गाडी चालती. ती ताणून संपली की पेट्रोल उतरत न्हाय, गाडी बसती. तू झाकण उघडतोस, हवा आत जाती, गाडी जिवंत. वीरप्पानं झाकण उघडून मग रपेट मारली, म्हणून त्याला रोग दिसला न्हाय. शंभूनं झाकण लावलंच न्हाय, म्हणून त्याच्याकडं मेली न्हाय. आणि टाकी गळ्यापतुर भरली की आत हवेला जागाच उरत न्हाय, म्हणून भरल्या पोटी लौकर मेली. ऱ्हायलं एकच. भोक बुजवलं कुणी?"

सगळे गाडीकडं वळले. टाकीच्या झाकणावर विभूतीच्या तीन पट्ट्या होत्या. ठसठशीत, पांढऱ्याशुभ्र, मधल्या बोटाएवढ्या जाड.

"वीरप्पाच्या पट्ट्या सांजच्याला उडायच्या," उमाक्का म्हणाल्या. "सिद्धाराम, तुझ्या धुऊनबी जात न्हाईत. आसं का?"

सिद्धारामला तो दिवस दिसत होता: धुऊन चमकवलेली गाडी, वाटीतली विभूती, आणि दुकानातून आणलेला पत्रिका चिकटवायचा डिंक. दरवेळी पट्ट्या उडतात म्हणजे काय, आपण काही वीरप्पासारखे अडाणी नाही. त्यानं विभूती डिंकात कालवली होती. महादेवीला बोलावून दाखवलंही होतं. आता वर्षभर हलत न्हाय, असं म्हणाला होता. खरंच हलली नव्हती.

महादेवीनं बांगडीतली पिन काढली. झाकणावरचा पापुद्रा खरवडला, कुलपाच्या कडेला टोचत टोचत बारीक भोक शोधलं आणि मोकळं केलं. तिला प्लग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याची गरजही लागली नाही.

सिद्धाराम एकटाच गाडी घेऊन उमरग्याकडं गेला. कडुनिंब आला, गेला. बसस्टँड आला. गाडी एकदाही खोकली नाही. कुठंतरी मरावी, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं; परत जायला उशीर झाला असता.

उमाक्का अजून दुकानाच्या पायरीवर बसलेल्या होत्या.

"ह्यो गुन्हा सुटला," त्या म्हणाल्या. "आता दुसरा."

"दुसरा कुठला?"

"टपरीवरचा. गाडीत खोट न्हवती, हे मी सोमवारी सांगीन. गहू मोजा म्हणणारा कोण, ते मी सांगणार न्हाय. त्यात संशयित एकच हाय, आणि त्याला पिन चालत न्हाय."

६. हुग्गी

सोमवारी कोठी बंदच होती. गहू आणि गूळ घरोघरून गोळा करून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवलेली होती. किल्ली नंदीपुढं तशीच होती; स्वामी आठवडाभर तिच्या भोवतीनं झाडत होते. वीरप्पा पंगतीत बसला नव्हता. दाराशी टेकून उभा होता.

उमाक्कांनी गाडीचा निकाल थोडक्यात सांगितला. डिंकाच्या विभूतीशी आल्यावर देवळात हसू फुटलं. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. शंभुलिंग तर खांबाला धरून हसला. सिद्धारामला वाटलं, सुटलो. लोक हसले म्हणजे झालं. त्यानं दारातून बाहेर पाहिलं. चप्पल दिसत होती.

मग महादेवी दिसली. बायकांच्या ओळीत ती एकटी हसत नव्हती. तिचं तोंड भिंतीकडं होतं.

सिद्धाराम मधे जाऊन उभा राहिला.

"गाडीचं हसलात, बरं केलंत," तो म्हणाला. "गव्हाचंबी मीच बोललो होतो. दासोहाचे गहू मोजून घ्या, असं. मला काय ठाऊक न्हवतं, कायबी बघितलं न्हवतं. चारजण हसत होते म्हणून बोललो. माझ्या हातनं गाडी बिघडली असं वाटत होतं, ते झाकायला बोललो. वीरप्पानं एक दाणाबी इकडचा तिकडं केलेला न्हाय. खोट माझ्यात हाय."

कुणी हसलं नाही. टपरीवर हसलेले चौघे आपापल्या पत्रावळीत काहीतरी शोधू लागले.

वीरप्पा दारातून पुढं आला. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच सिद्धारामकडं बघितलं.

"गाडी बंद पडली तवा मला फोन का न्हाय केलास?" त्यानं विचारलं. "ढकलायला आलो असतो."

मग वीरप्पानं वाकून नंदीपुढची किल्ली उचलली, कमरेला बांधली आणि पंगतीच्या शेवटी जाऊन बसला.

वाढायला माणूस कमी होता. सिद्धारामनं हुग्गीची बादली घेतली. ओळीनं वाढत वाढत तो शेवटाला आला. या पंगतीत रीत अशी, की खाणाऱ्यानं पानावर आडवा हात धरला की वाढणाऱ्यानं थांबायचं. त्याआधी थांबणं म्हणजे अपमान. सिद्धारामनं एक पळी वाढली. वीरप्पानं हात आडवा केला नाही. दुसरी वाढली. हात मांडीवरच. हुग्गी भाताकडं सरकली, भाजीला मिळाली, पत्रावळीच्या काठाला आली. शेजारच्यांचे घास थांबले. सिद्धाराम मान खाली घालून वाढत राहिला; थांबायचा हक्क त्याचा नव्हता.

शेवटी वीरप्पानं त्याचं मनगट धरलं.

"बास," तो म्हणाला. "खायचं मलाच हाय."

हात सोडायला त्यानं जरा वेळ घेतला. मग सिद्धाराम बादली उचलून दुसऱ्या ओळीला वाढायला गेला. मान अजून खालीच होती.